मधली रेघ

११० आणि ४००. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीमेन्सने आपल्या वीजयंत्रांच्या धंद्याशी निगडित ६,९०० माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा कारण म्हणून हे दोन आकडे पुढे केले होते. शंभर मेगावॉटच्या वरची गॅस टर्बाइन, म्हणजे गॅस जाळून वीज बनवणारी यंत्रं, जगाला वर्षाकाठी लागणार साधारण ११०, आणि जगभरचे सगळे कारखाने मिळून बनवू शकतात ४००. तीन आठवड्यांनी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जनरल इलेक्ट्रिकने म्हणजे जीईने आपल्या वीज विभागातली १२,००० माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. शंभरातली अठरा.

हे आकडे इतके सुबक आहेत की वाचणाऱ्याची मान आपोआप डोलते. ज्याला वजाबाकी येते त्याला कपात पटते. वर्तमानपत्रांतल्या अग्रलेखांना पटली, शेअर बाजारातल्या विश्लेषकांना तर ती उशिरा झाली असं वाटत होतं. मलाही त्या दिवशी वाद घालण्याजोगं काही सापडलं नाही. नंतर मात्र एक प्रश्न डोक्यात राहिला. ११०ची गरज असलेल्या जगात ४००ची ताकद उभी केली कुणी? ती काही शॉप फ्लोअरवरच्या फिटरने केली नव्हती.

मी अशाच एका कारखान्याच्या नियोजन विभागात बरीच वर्षं काढली. कारखाना कुठला, ते इथे महत्त्वाचं नाही. या धंद्यातले सगळे कारखाने आतून बऱ्यापैकी सारखे असतात. माझं काम होतं पुढच्या दहा वर्षांत किती यंत्रं विकली जातील त्याचे तक्ते बनवणं. अंदाज कसा तयार होतो हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते.

आधी विचारायचं, अमुक देशात विजेची मागणी वर्षाला किती टक्क्यांनी वाढेल. मग, जुनी केंद्रं किती बंद पडतील. गॅस काय भावाने मिळेल. नव्या केंद्रांपैकी गॅसवर चालणारी किती. त्यांतली आपल्या पदरात किती पडतील. प्रत्येक प्रश्नाला एक आकडा, आणि शेवटी सगळ्यांचा गुणाकार. पाच गृहीतकं गुणली की पाचांमधली चूकही गुणली जाते, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. म्हणून प्रामाणिकपणे काम करणारा माणूस एक रेघ काढत नाही, तीन काढतो. सगळं मनासारखं झालं तर वरची, सगळं बिनसलं तर खालची, आणि एक मधली. दहाव्या वर्षापर्यंत जाता जाता वरच्या आणि खालच्या रेघेत एवढं अंतर पडतं की त्यातून ट्रक जावा.

पुढची गंमत बैठकीत होते. वरची रेघ विक्रीवाल्यांची लाडकी, खालची फायनान्सवाल्यांची. दोघं भांडतात आणि मधलीवर तह होतो. तो तक्ता एक पायरी वर जातो तेव्हा कुणीतरी म्हणतं, स्लाइडवर फार गर्दी झाली आहे. मग कडेच्या दोन रेघा फिकट होतात. आणखी एक पायरी वर गेल्यावर त्या गायब होतात. संचालक मंडळासमोर जाते ती एकच जाड निळी रेघ, आणि तिच्या जोरावर नवी शेड बांधायची, नवं मशीन मागवायचं, दुसरी कंपनी विकत घ्यायची, सगळं ठरतं. काही वर्षांनी प्रत्यक्षातली विक्री त्या रेघेच्या खाली गेली की नवी जाड रेघ येते, खाली झुकलेली, आणि तिच्या जोरावर माणसं कमी होतात. कडेच्या रेघा तेव्हाही कुणी बघत नाही.

जीईने २०१५ मध्ये फ्रान्सच्या आल्स्टोमचा वीज धंदा घेतला तो अशाच एका रेघेवर विश्वास ठेवून. सौदा जवळपास ९७० कोटी युरोंचा. गॅस स्वस्त होतोय, कोळसा मागे पडतोय, आशिया आणि आफ्रिकेत दिवे लागायचे आहेत, म्हणजे टर्बाइन खपणारच, असा एकंदर सूर. तो मूर्खपणाचा होता असं मला वाटत नाही. त्या रेघेत प्रत्येक गोष्ट वेगवेगळी बघितली तर खरीच होती. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, जीईला वीज विभागाच्या पुस्तकी किमतीतून सुमारे २,२०० कोटी डॉलर पुसून टाकावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये, १९०७ पासून सलग अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकात असलेली ही कंपनी तिथून बाहेर पडली.

काय चुकलं, ते जर्मनीतल्या इर्शिंगमध्ये जाऊन बघता येतं. बव्हेरियातलं हे वीजकेंद्र. त्याच्या चौथ्या युनिटमध्ये सीमेन्सचं त्या वेळचं सगळ्यात आधुनिक गॅस टर्बाइन बसवलं, आणि २०११च्या चाचणीत त्याने ६०.७५ टक्के कार्यक्षमतेचा जागतिक विक्रम केला. म्हणजे गॅसमधल्या ऊर्जेच्या साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जेची वीज. या धंद्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून काय होतं ते सांगणं कठीण आहे. अर्ध्या अर्ध्या टक्क्यासाठी आयुष्यं गेलेली आम्ही बघितली आहेत. आणि चारच वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, मालकांनी अर्ज केला की हे युनिट आणि शेजारचं पाचवं, दोन्ही बंद करायची आहेत. जगातली सर्वांत कार्यक्षम केंद्रं, पण बाजारात वीज विकून त्यांना पैसाच सुटत नव्हता. ग्रिडचा तोल सांभाळायला बोलावलं तेवढं चालवायचं, बाकी वेळ गार.

कारण दुपार. गॅस केंद्राची कमाई पूर्वी भर दुपारी व्हायची. कारखाने, कार्यालयं सगळं सुरू, मागणी शिगेला, भाव चढा. जर्मनीच्या छपरांवर सौर पॅनेल आली आणि नेमकी तीच दुपार त्यांनी खाल्ली. सूर्याला इंधनाचं बिल नसतं, त्यामुळे बाजारात त्याची वीज आधी उचलली जाते आणि महागड्या इंधनाची सगळ्यात शेवटी. हे झालं अर्धं कारण, आणि लोक बहुधा एवढंच सांगतात. उरलेलं अर्धं असं की त्या वर्षांत युरोपात कार्बनचे परवाने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायची मुभा, मातीमोल भावाने मिळत होते, म्हणून जुनाट कोळसा केंद्रं आरामात चालत होती आणि स्वच्छ गॅस बाहेर ताटकळत होता. अपारंपरिक ऊर्जेने गॅसवाल्यांच्या नोकऱ्या खाल्ल्या, असं जे सरसकट म्हटलं जातं ते म्हणूनच मला अर्धवट वाटतं. त्यात धोरणाचा वाटा होता, कोळशाचा होता, आणि त्या जाड निळ्या रेघेचाही होता.

कॅलिफोर्नियातलं उदाहरण आणखी विचित्र. जीईचंच स्वतःचं एक ७५० मेगावॉटचं केंद्र, तीस वर्षं चालेल म्हणून बांधलेलं, ते कंपनीने दहा वर्षांतच बंद करायचं ठरवलं, २०१९ मध्ये. तिथे दिवसा सूर्य मुबलक आणि संध्याकाळी तो मावळला की तास-दोन तासांत प्रचंड वीज लागते. अशा ठिकाणी झटक्यात सुरू होणारं यंत्र हवं. हे होतं एकदा तापलं की दिवसचे दिवस एकसारखं चालणारं, सुरू व्हायला सावकाश. यंत्रात दोष नव्हता, दिवसाचा आकार बदलला होता.

हे झालं बाजाराचं. आता शॉपमध्ये येऊ.

आमच्याकडे असेंब्लीला एक फोरमन होते, सगळा शॉप त्यांना दादा म्हणायचा. मी तक्त्यांतली माणूस, शॉपमध्ये जायचं काम फारसं नसायचं, पण तास मोजायच्या निमित्ताने जायची आणि रेंगाळायची. रोटर, म्हणजे यंत्राचा फिरणारा भाग, ज्या बेअरिंगवर फिरतो त्याच्या आतून व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा थर असतो. मशीनवर कितीही चांगलं बोअरिंग केलं तरी शेवटचा हात माणसाचा लागतो, निदान आमच्याकडे लागायचा. दादा शाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर, निळा रंग चिंधीने पुसून पुसून इतका पातळ करायचे की आहे की नाही कळू नये. मग बेअरिंगचा अर्धा भाग त्यावर बसवून इंचभर मागेपुढे फिरवायचा आणि उचलायचा. व्हाइट मेटलवर जिथे निळे ठिपके उमटले, तिथे उंचवटा. त्रिकोणी स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. पुन्हा पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा बसवायचं. सुरुवातीला ठिपके दोन-तीन ठिकाणी दाट आणि बाकी कोरं. होता होता ते सगळीकडे सारखे पसरत जातात.

एकदा मी विचारलं, "दादा, एवढं कुठवर करायचं?" ते स्क्रेपर बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघा मॅडम, हात जड व्हायला लागला की उठायचं. बाहेर एक चक्कर मारून यायचं. जड हाताने एक ओढ जरी जास्त बसली तर अख्खं बेअरिंग पुन्हा ओतायला जातं."

ब्लेडचंही तसंच. गॅस टर्बाइनच्या पहिल्या रांगेतल्या ब्लेडवरून जो वायू जातो त्याचं तापमान ब्लेडचा धातू वितळेल त्याहून जास्त असतं. ब्लेडच्या पोटातून थंड हवा खेळवतात, अंगभर बारीक भोकं पाडतात, वरून सिरॅमिकचा लेप देतात, म्हणून ती टिकते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरताना एकेक ब्लेड बाहेरच्या बाजूला कित्येक टनांचा हिसका देत असते. त्यामुळे प्रत्येकीचं वजन आणि त्या वजनाचा मध्य मोजून कुठली कुणाच्या समोर बसवायची ते ठरतं. सायकलच्या चाकाचा आउट काढतात ना, तोच प्रकार, फक्त हे चाक काही टनांचं. आता ही मांडणी संगणक करतो. पण बसवताना ब्लेड खाचेत कशी सरकते, कुठे अडते, ठोकल्यावर आवाज भरीव येतो की पोकळ, हे दादांना हाताने आणि कानाने कळायचं. त्यांच्या हाताखाली आलेला मुलगा पहिलं वर्षभर फक्त हत्यारं पुसायचा आणि बघायचा. एकट्याच्या भरवशावर काम सोपवावं इतका तयार व्हायला दहाएक वर्षं जायची.

माझ्या तक्त्यात या सगळ्याची एक ओळ होती. असेंब्ली, कुशल, तास. रेघ खाली गेली की तास कमी, तास कमी की डोकी कमी. भागाकार मीच करायचे, आणि तो दरवेळी बरोबर यायचा.

आमच्याकडे सक्तीने कुणाला काढलं नाही. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, नोटीस बोर्डावर कागद लागला, जितकी नोकरी जुनी तितकी रक्कम मोठी. वरून बघता यात कुणावर अन्याय नाही. पण अशा योजनेत जातं कोण ते बघा. ज्याची तीस वर्षं झाली, मुलं मार्गी लागली, त्याला रक्कम भरघोस मिळते, तो जातो. ज्याच्या हातात कसब आहे आणि बाहेर कुठेही काम मिळेल, तो जातो. मागे राहतो मधला, कर्ज डोक्यावर असलेला, ना धड शिकलेला ना धड शिकाऊ. कंपनीला वाटतं शंभरातली वीस माणसं गेली. गेलेली असते निम्म्याहून अधिक जाण. दादा पहिल्याच यादीत गेले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी स्टोअरवाल्याने त्यांच्या नावावरची हत्यारं जमा करून घेतली आणि पावती दिली. स्क्रेपर जमा झाला नाही, कारण तो त्यांनी स्वतः जुन्या कानशीपासून घासून बनवलेला होता, यादीत नव्हताच.

युरोपात याच सुमारास काय चाललं होतं, ते मी तेव्हा कामाचा भाग म्हणून वाचत होते आणि नंतर सवय म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये जीईने १,४०० जागा कमी करायच्या ठरवल्या. तिथल्या बिर या गावी टर्बाइनचा मोठा कारखाना. वीज बनवणारं जगातलं पहिलं व्यावसायिक गॅस टर्बाइन ब्राउन बोवेरी या स्विस कंपनीने १९३९ मध्ये न्यूशातेल शहरासाठी बनवलं होतं, चार मेगावॉटचं. ते थेट २००२ पर्यंत सेवेत होतं. त्यानंतर त्याची डागडुजी करून ते मांडून ठेवलं ते याच बिरच्या कारखान्यात. कपातीची बातमी त्या आवारात आली तेव्हा ते पहिलं यंत्र तिथेच होतं.

फ्रान्समध्ये बेल्फोर. आल्स्टोम घेताना जीईने फ्रेंच सरकारला शब्द दिला होता की २०१८ अखेर देशात हजार नवीन जागा निर्माण करू, नाही जमलं तर दर जागेमागे ५०,००० युरो भरू. झाल्या २५. कंपनीने ५ कोटी युरो भरले आणि विषय संपवला. पुढच्याच वर्षी बेल्फोरच्या गॅस टर्बाइन कारखान्यात शेकडो जागा कमी करायची योजना आली. लोक रस्त्यावर उतरले, वाटाघाटी झाल्या, आकडा खाली आला, पण कपात झालीच. मला त्या दंडाचं राहून राहून नवल वाटतं. एका न झालेल्या नोकरीची किंमत एका सरकारने आणि एका कंपनीने टेबलावर बसून आधीच ठरवून टाकली होती, आणि ती कंपनीला परवडणारी निघाली.

गोर्लिट्झचं वेगळं झालं. जर्मनीच्या पूर्व टोकाचं, पोलंडच्या सीमेला लागून असलेलं हे छप्पन्न हजार वस्तीचं शहर. सीमेन्सच्या यादीत तिथला स्टीम टर्बाइनचा कारखाना बंद होणार होता, सातशेहून जास्त माणसांचा. त्याच वर्षी सीमेन्सचा नफा होता सुमारे ६२० कोटी युरो. जानेवारी २०१८ मध्ये गोर्लिट्झच्या रस्त्यांवर काही हजार माणसं जमली. पण मोर्चांनी कारखाने वाचत असते तर जगात बंद कारखाने उरलेच नसते. गोर्लिट्झच्या बाजूने एक कागदही होता. सीमेन्स आणि आयजी मेटाल ही धातू कामगारांची संघटना यांच्यात त्याआधीच करार झालेला होता की जर्मनीत कुणाला सक्तीने कामावरून काढायचं नाही. आणि त्याला मुदत नव्हती. त्यामुळे व्यवस्थापनाला बोलणी करावीच लागली. मे २०१८ मध्ये तडजोड झाली, जर्मनीतल्या कपातीचा आकडा खाली आला आणि गोर्लिट्झचा कारखाना राहिला.

शहरातल्या सगळ्यांच्या वाट्याला असं आलं नाही. गोर्लिट्झमधलाच रेल्वेच्या डब्यांचा दुसरा मोठा कारखाना बघा. तिथे पिढ्यान् पिढ्या डबे बनले. त्याचा निकाल २०२५ मध्ये असा लागला की तो रणगाडे बनवणाऱ्या कंपनीकडे जाणार आणि तिथे लष्करी वाहनांचे भाग बनणार.

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. जुन्या ऊर्जेतल्या नोकऱ्या जातील, नव्या ऊर्जेत येतील, माणसांनी तेवढं शिकून घ्यावं. मी हे वाक्य इतक्या सादरीकरणांत लिहिलं आहे की आता ते ऐकून मला हसू येतं. गोर्लिट्झ ज्या सॅक्सनी प्रांतात आहे त्याच प्रांतात फ्रायबर्ग आहे. तिथे मेयर बर्गरचा सौर पॅनेलचा कारखाना होता, युरोपातला मोठा. मार्च २०२४ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, सुमारे पाचशे माणसं अडचणीत. चिनी पॅनेल इतकी स्वस्त झाली होती की स्पर्धाच उरली नाही. पवनऊर्जेतली मोठी कंपनी सीमेन्स गामेसा. तिच्या पवनचक्क्यांत दोष निघाल्याचं जून २०२३ मध्ये बाहेर आलं आणि मूळ कंपनीचा, सीमेन्स एनर्जीचा, शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला. त्यानंतर जर्मन सरकारला हमी द्यायला पुढे यावं लागलं. पुढच्या वर्षी गामेसातल्या ४,१०० जागा कमी करायचं ठरलं. मजा म्हणजे त्या काळात तोटा पवनचक्कीवाल्यांचा आणि तो भरून काढणारा नफा गॅस टर्बाइनवाल्यांचा. २०१७ मध्ये ज्यांना गतकाळातले म्हटलं होतं ते.

मला सौर किंवा पवनऊर्जेचा राग नाही, उलट ती अजून लवकर यायला हवी होती. पण यंत्र बनवणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं तर जुनं-नवं या वाटणीने फार काही कळत नाही. दोन्हीकडे शेड उभी राहते ती एका रेघेच्या जोरावर, आणि रेघ चुकली की आत उभा असलेला माणूस बाहेर.

पुढचं आता सगळ्यांना दिसतंच आहे. इर्शिंगची ती दोन्ही युनिटं २०२०च्या शरदात पुन्हा बाजारात आली. मग २०२२चं युद्ध, गॅसचा भडका, आणि त्यानंतर डेटा सेंटर. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने अमेरिकेत एकेका जागेवर शेकडो मेगावॉट मागितले जाऊ लागले, तेही रात्रंदिवस, तेही ताबडतोब. सगळे धावले गॅस टर्बाइनकडे. एप्रिल २०२४ मध्ये जीईपासून वेगळी झालेली जीई व्हर्नोव्हा २०२५ संपेपर्यंत ८० गिगावॉटच्या घरात ऑर्डरी आणि आरक्षणं बाळगून होती, आणि २०२६च्या मध्यापासून तिची बनवायची ताकद वर्षाला वीसेक गिगावॉट. म्हणजे चार वर्षांचं काम दाराशी उभं. मित्सुबिशीने आपली क्षमता दुप्पट करायचं ठरवलं. आज ऑर्डर दिली तर यंत्र या दशकाच्या अखेरीस, नाहीतर त्याच्याही पुढे.

आणि यंत्रं लवकर का मिळत नाहीत? कास्टिंग. गरम भागातली ब्लेड ओतू शकणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांच्या दारात विमानाच्या इंजिनवाल्यांचीही रांग. त्याबरोबर माणसं. वेल्डर, फिटर, साइटवर उभं राहून यंत्र सुरू करून देणारे. पैसे टाकून लेथ येतो. दहा वर्षं तयार झालेला हात येत नाही.

कंपन्या मात्र या वेळी शहाण्या झाल्या आहेत, हे मान्य करायला हवं. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत गॅस केंद्रांची अशीच लाट आली होती, एन्रॉन बुडाली त्याच सुमाराला ती ओसरली, तेव्हाचेही चटके आहेत. २०१७चे तर आहेतच. त्यामुळे नव्या शेड बांधायच्या ऐवजी आहे त्याच शेडमधून जास्त काम काढायचं चाललंय. आणि ग्राहकाला सांगितलं जातं की रांगेतली जागा हवी असेल तर आधी पैसे भरा. ऑर्डर नंतर, आरक्षणाची रक्कम आत्ता, आणि तुम्ही मागे फिरलात तर ती परत नाही. म्हणजे अंदाज चुकण्याची जोखीम या वेळी कंपनीने गिऱ्हाइकाच्या खिशात घातली. हुशारीची गोष्ट आहे, आणि मी नियोजनात असते तर मीही हेच सुचवलं असतं. फक्त हा विचार करू शकणाऱ्या डोक्यांना कामगाराच्या बाबतीत तो कधी सुचत नाही. त्याच्यासाठी आरक्षणाची रक्कम म्हणजे गोर्लिट्झसारखा कागद, आणि तो प्रत्येक ठिकाणी भांडूनच मिळवावा लागलेला आहे.

आमच्या जुन्या कारखान्यातही ऑर्डरी आल्या. गेल्या वर्षी दादांना बोलावणं आलं, सल्लागार म्हणून, रोजावर. असेंब्लीत घेतलेल्या नव्या मुलांना शिकवायचं. ते गेले. दोनेक आठवड्यांनी त्यांचा मला फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, पोरं हुशार आहेत म्हणाले, मोबाइलवर ड्रॉइंग बघतात पण चुकत नाहीत.

मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहीत असेल. काम कुठवरचं आहे?"

मी म्हटलं, बाहेर जे दिसतंय त्यावरून २०३० पर्यंत तरी आहे.

"आणि ही पोरं अकरा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर आहेत. मी एचआरला विचारलं, पुढे काय? तर म्हणाले, ऑर्डरींवर आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "मग मी काय करतो, स्क्रेपिंगला हातच घालत नाही. अलाइनमेंटपर्यंत नेतो यांना. अकरा महिन्यांत तेवढंच बसतं."